नदीपलीकडचा बिशप

नेसरीच्या खिंडीतल्या स्मारकापाशी उभे राहिले की सात घोडे डोळ्यांपुढे येतात. २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी प्रतापराव गुजर सहा सोबत्यांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण इथेच पडले. उमराणीला कोंडलेल्या खानाला त्यांनी जाऊ दिले होते. ते महाराजांना रुचले नाही आणि महाराजांचा बोल सरनोबतांच्या जिव्हारी लागला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोरासोरांना ही गोष्ट पाठ असते. तिच्यातल्या नावांकडे मात्र आपण फारसे पाहत नाही. ‘प्रतापराव’ हा किताब, माणसाचे नाव कुडतोजी. ते ज्या जागेवर आले ती सरनोबती आधी नेताजी पालकरांची होती, आणि नेसरीची लढाई झाली तेव्हा नेताजी मोगलांच्या चाकरीत महंमद कुलीखान या नावाने दिवस काढत होते. पुढे दोन वर्षांनी, १६७६ च्या जूनमध्ये, ते परत आले आणि पुन्हा नेताजी झाले. एकाच माणसाची दोन नावे, दोन धर्म, दोन धनी. त्या काळाला हे नवीन नव्हते.

समोरची फौज विजापूरची होती. विजापूरच्या आदिलशाही मुलखाला रोमच्या कागदोपत्री एक बिशप होता, हे मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी सांगते. पोर्तुगीज कागदांत आदिलशहाला ‘इदलखान’ म्हणत. त्या ‘इदलखाना’च्या मुलखाचा पहिला बिशप ना गोरा होता ना पोर्तुगीज. गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण कुळात जन्मलेला, कोकणी बोलणारा तो कॅथलिक होता. प्रतापराव पडले त्या वर्षी तो रोममध्ये होता, वय सुमारे ऐंशी. सह्याद्रीचा घाटमाथा, सामानगडाचा हा मुलूख, ही नेसरी, सगळे कधीकाळी कागदावर त्याच्या छत्राखाली होते. त्याचे नाव मातेउश द कास्त्रो.

त्याची गोष्ट मला इथे, नेसरीत उभे राहून सांगावीशी वाटते, त्याला कारण आहे.

गडहिंग्लज, आजरा आणि चंदगड या तीन तालुक्यांत कॅथलिक घरे आहेत. फर्नांडिस, डिसोझा, लोबो अशी नावे, आणि त्यांच्यातच एक सुंदर आडनाव, बारदेसकर. यांचे पूर्वज गोव्याकडून घाट चढून आले. किती पिढ्या झाल्या हे सांगताना घरातल्या म्हाताऱ्यांचीही बोटे पुरत नाहीत. आजऱ्याच्या घनसाळ भाताच्या वासात वाढलेला, हिरण्यकेशीत पोहायला शिकलेला यांच्यातला एखादा मुलगा कोल्हापुरात शिकायला जातो, नाव सांगतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “गोव्याचा का?” पाठोपाठ शाबासकीही येते: “मराठी छान बोलतोस हं!” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या एका वाक्यात तीन समज दडलेले असतात. एक, आडनाव पोर्तुगीज म्हणजे माणूस परका. दोन, कॅथलिक म्हणजे फिरंग्यांच्या बाजूचा. आणि तीन, सगळे ख्रिस्ती सारखेच.

तिसऱ्या समजाचे आधी पाहू. कोल्हापूर शहरात ‘ख्रिश्चन’ म्हटले की लोकांच्या नजरेसमोर वाइल्डर मेमोरियल चर्च येते, पलीकडे मिरजेचे वॉन्लेस हॉस्पिटल येते. हा सगळा पसारा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा. रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले १८५२ मध्ये. मराठी साहित्यातला ख्रिस्ती माणूसही बहुतेक प्रॉटेस्टंटच आहे: बेळगावात जन्मलेले आणि १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई. त्यांची नावे आपल्यासारखी, म्हणून ते आपले वाटतात, आणि ते आपले आहेतच. पण त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला दोनशे-तीनशे वर्षांची दुसरी ख्रिस्ती परंपरा नांदते आहे, तिची वाट वेगळी, पूजा वेगळी, जातीची ठेवणही वेगळी, हे आपल्या ध्यानात येत नाही. या दोन समाजांनाही एकमेकांविषयी फार थोडे ठाऊक असते.

आता उरलेले दोन समज. त्यांना उत्तर द्यायला मातेउशइतका योग्य माणूस दुसरा नाही.

मातेउशचा जन्म १५९४ च्या सुमारास दिवाडी बेटावरच्या नावेली गावात झाला. मांडवीच्या पात्रातले हे बेट. अलीकडे राजधानीचे गोवे, म्हणजे आजचे जुने गोवे, आणि पलीकडे डिचोली महाल. नदीचा हा पट्टा म्हणजे दोन राज्यांची सीमा. बेट पोर्तुगिजांचे, डिचोली आदिलशाहीची. या बेटावर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. पोर्तुगिजांनी ते पाडले, तेव्हा भक्तांनी देव नदीपार नार्व्याला नेला. तिथे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. देवाने जी नदी ओलांडली तीच नदी पुढे या बेटावरच्या कॅथलिक बिशपालाही ओलांडावी लागली, आणि तीही त्याच राजवटीच्या जाचापायी. दिवाडीचा विचार करताना या दोन्ही गोष्टी मला एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत.

पोर मोठे हुशार. बारदेशातल्या रेइश मागुश इथे फ्रान्सिस्कनांच्या विद्यालयात शिकले. त्याच काळात, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापून निघाले होते. ओवीबद्ध, मराठीत. गोव्यातल्या नवख्रिस्त्यांना पुराणाची गोडी होती आणि पाद्र्याने ती ओळखली होती. म्हणजे या लोकांना ख्रिस्ताची कथा त्यांच्याच भाषेतून सांगायला हरकत नव्हती. पण त्या लोकांतलाच कोणी वेदीवर उभा राहून मिस्सा म्हणू लागला तर? तिथे मात्र दार बंद होते. मातेउशला पुरोहित व्हायचे होते. गोव्याचे तेव्हाचे आर्चबिशप ख्रिस्तोव्हांव द सा ए लिस्बोआ यांनी देशी माणसाला दीक्षा द्यायची नाही, असा पणच केला होता. बाप्तिस्मा घेतला, लॅटिन शिकले, घराणे खानदानी, तरी रंग आड आला.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मातेउश रोमला निघाला. पोर्तुगीज जहाजात त्याला कोण घेणार? तो खुष्कीच्या वाटेने गेला आणि १६२५ मध्ये रोमला पोचला.

तिथे त्याच्या नशिबाने काळ अनुकूल होता. तीनच वर्षांपूर्वी, १६२२ मध्ये, पोपने ‘प्रोपागांदा फिदे’ नावाचे धर्मप्रसाराचे खाते उघडले होते. त्यामागची गोष्ट थोडी समजून घ्यायला हवी, कारण पुढची तीनशे वर्षे महाराष्ट्रातल्या कॅथलिकांची डोकी याच गोष्टीने फुटली. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोपनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चची सगळी व्यवस्था लावून दिली होती. चर्च बांधायचे त्याने, पाद्र्यांचा खर्च सोसायचा त्याने, आणि मोबदल्यात बिशप कोण व्हावा हे सुचवायचा हक्कही त्याचाच. लिस्बनच्या परवानगीशिवाय एकाही पाद्र्याने पूर्वेकडे पाऊल टाकायचे नाही. या हक्काला म्हणत ‘पाद्रोआदो’. शंभर वर्षांनी रोमला कळून चुकले की या व्यवस्थेत देवापेक्षा राजा मोठा होऊन बसला आहे. प्रोपागांदाचे पहिले चिटणीस फ्रांचेस्को इंगोली यांचे तर ठाम मत होते की देशोदेशी त्या त्या मातीतले पुरोहित आणि बिशप उभे राहिल्याशिवाय धर्म तिथे रुजणार नाही. अशा माणसासमोर गोव्याचा हा काळासावळा, लॅटिन बोलणारा, अपमानाने धगधगणारा तरुण येऊन उभा राहिला.

रोममध्ये त्याचे पुढचे शिक्षण झाले आणि पुरोहितदीक्षाही मिळाली. ती घेऊन तो गोव्यात परतला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याची कागदपत्रे मानायला नकार दिला. तो पुन्हा रोमला गेला. या खेपेला रोमने जे केले त्याची गोव्यात कुणी कल्पनाही केली नसेल. १६३७ मध्ये त्याला बिशप करण्यात आले. पद ‘ख्रिसोपोलिसचा बिशप’ असे नावापुरते, आणि प्रत्यक्ष काम ‘इदलखान’ मुलखाचा व्हिकार अपोस्तोलिक, म्हणजे राजाचा नव्हे, थेट पोपचा प्रतिनिधी. लॅटिन परंपरेत बिशप झालेला हा पहिला भारतीय माणूस.

गोव्याच्या हद्दीत त्याला थारा मिळणे शक्यच नव्हते. त्याने नदी ओलांडली आणि डिचोलीत मुक्काम ठोकला. आपल्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर, पण दुसऱ्या राज्यात. महंमद आदिलशहाच्या मुलखात त्याने डिचोलीला चर्च बांधले, बांद्याला बांधले, वेंगुर्ल्याला बांधले. ज्या देशी तरुणांना गोव्यात दीक्षा मिळत नव्हती त्यांना त्याने पुरोहित केले. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्या दीक्षा बेकायदा ठरवल्या. नदीच्या एका काठावर जो पाद्री, तोच दुसऱ्या काठावर तोतया.

इथे थोडे थांबून त्या मुलखातल्या साध्या कॅथलिक माणसाचा विचार करावासा वाटतो. कुणी शेतकरी, कुणी सुतार, कुणी आदिलशाही ठाण्यावरचा शिपाई. मूल जन्मले, बाप्तिस्मा द्यायचा आहे. एक पाद्री म्हणतो, मी खरा. दुसरा म्हणतो, त्याच्या हातचे पाणी घेतलेस तर ते फुकट. हे धर्मशास्त्रातले वाद नव्हते. प्रश्न राजाच्या शिक्क्याचा होता. पण त्याचा भार पडत होता तो या माणसाच्या मनावर, कारण त्याच्या लेखी प्रश्न लेकराच्या मोक्षाचा होता.

मातेउशचे गोव्याशी भांडण वाढत गेले. मध्यंतरी तो तिसऱ्यांदा रोमला जाऊन आला. रोमने त्याच्यावर इथिओपियाचीही जबाबदारी टाकली, पण त्या देशाने कॅथलिक पाद्र्यांना तोवर हद्दपार केले होते. तिथून घालवलेले जेझुइट पात्रिआर्क अफोन्सो मेंदिश गोव्यातच येऊन राहिले होते. त्यांनी मातेउशविषयी लिहिताना त्याच्या कातडीवरून जी भाषा वापरली ती इथे उतरवायला माझी लेखणी धजत नाही. एका ख्रिस्ती धर्मगुरूने दुसऱ्या ख्रिस्ती बिशपाविषयी ती लिहिली, एवढे सांगितले तरी पुरे.

डिचोलीत परतल्यावर, १६५३ मध्ये, मातेउशने ‘एस्पेल्यु द ब्राह्मनिश’, म्हणजे ‘ब्राह्मणांचा आरसा’, हा मजकूर लिहिला. गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना उद्देशून लिहिलेले हे उघड आवाहन होते: आपण कोण होतो ते आठवा, या फिरंग्यांचे जोखड झुगारा. पुढच्याच वर्षी, १६५४ मध्ये, विजापूरच्या फौजा बारदेशात आणि साष्टीत घुसल्या. आदिलशहाला भर देणारा हाच, असा ठपका पोर्तुगिजांनी त्याच्यावर ठेवला. वेंगुर्ल्याला १६३७ पासून डच वखार होती, त्या डचांशी संधान बांधल्याचाही आरोप झाला. चित्र मनाशी उभे करून पाहा. रोमला निष्ठा वाहिलेला कॅथलिक बिशप मुसलमान सुलतानाच्या आश्रयाला राहतो, त्याच्यावर प्रॉटेस्टंट डचांशी हातमिळवणी केल्याचा संशय आहे, आणि त्याचा शत्रू कोण, तर जगातला सर्वांत कडवा कॅथलिक राजा. ‘कॅथलिक म्हणजे पोर्तुगिजांच्या बाजूचा’ हा समज ज्याच्या मनात आहे, त्याने ही एक हकिगत जरी ऐकली तरी खूप झाले.

पण मातेउशला निष्कलंक वीर ठरवायचा मोह मी आवरतो, कारण त्याच्या आरशात एक मोठा तडा होता. तो आरसा फक्त ब्राह्मणांसाठी होता. दीक्षा द्यायची ती ब्राह्मणांना, आवाहन करायचे ते ब्राह्मणांना. रंगावरून झालेला अपमान त्याला जाळत होता, आणि जातीवरून आपण करतो तो भेद त्याला दिसतही नव्हता. गोव्यातली जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली नाही. बामण, चारडो, सुदीर अशी तिची नवी नावे रूढ झाली. चर्चमधल्या बंधुसंघांत, म्हणजे कॉनफ्रारियांत, कोणत्या सणाचा मान कोणाचा यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. पुढे गोव्यात देशी पुरोहितांचा ओरेटोरियन संघ निघाला तोही ब्राह्मणांपुरता. चारडोंनी मग चिंबलला कार्मेलाइट परंपरेतला आपला वेगळा संघ काढला. म्हणून ‘गोव्याचे कॅथलिक’ असा एकजिनसी समाज कधी नव्हताच. घाट चढून आलेल्या कुटुंबांनी आपापल्या वळकटीत हेही ओझे बरोबर आणले.

१६५८ मध्ये मातेउश शेवटचा रोमला गेला. त्यानंतर त्याला कोकण दिसले नाही. १६७७ मध्ये तो तिथेच वारला. आधीच्या वर्षी रायगडावर नेताजी स्वधर्मात परतले होते. मातेउशने धर्म कधी सोडलाच नव्हता, तरी त्याला घर परत मिळाले नाही.

त्याच्या मागून कुस्तोदियो द पिन्यो हा आणखी एक गोवेकर विजापूर मुलखाचा व्हिकार अपोस्तोलिक झाला, आणि मातेउशच्याच नात्यातले थॉमस द कास्त्रो मलबार-कानड्याकडे गेले. तिथे हाच तंटा आणखी पेटला. १६८१ मध्ये गोव्याने कानड्यात आपला प्रतिनिधी म्हणून एक तरुण पाद्री पाठवला. तो म्हणजे जुझे वाझ, ज्यांना पुढे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी श्रीलंकेत संतपद दिले. एकीकडे रोमचा बिशप, दुसरीकडे गोव्याचा प्रतिनिधी. दोघेही देशी, दोघेही गोव्याचे, दोघांचीही भक्ती खरी. आणि मधल्या मध्ये मंगळूर-गंगोळीच्या बाजूचे ख्रिस्ती लोक, कोणापुढे पापकबुली दिली तर ती देवाच्या दरबारात धरली जाईल या घोरात.

याच काळात आणि यानंतर गोव्यातून माणसे बाहेर पडत राहिली. कानड्यात गेली, सावंतवाडीत गेली, घाट चढून आजऱ्याकडे आणि बेळगावकडे गेली. त्यांना एकाच कारणाच्या दावणीला बांधता येत नाही. इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मचौकशीच्या न्यायालयाची, दहशत होती. ते १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांची फौज गोव्यात उतरली, १७३९ मध्ये मराठे पुन्हा बारदेशात शिरले, तेव्हाही गावेच्या गावे हलली. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने कोकणी बोलण्यावरच बंदीचा हुकूम काढला. करांचा बोजा होता, दुष्काळ होते, आणि घाटावर कसायला जमीन होती. कोणी धर्मन्यायालयाला भिऊन पळाला, कोणी मराठ्यांना भिऊन, कोणी सावकाराला. आजऱ्यातल्या एखाद्या घराचा मूळपुरुष यांतल्या कोणत्या भीतीने उठला, हे आडनावावरून कळायचे कसे?

आणि आडनाव तरी कोणाचे? बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे नाव नवख्रिस्त्याला चिकटत असे. एकाच घराण्याचे भाऊ वेगवेगळ्या वेळी बाटले तर एक फर्नांडिस आणि दुसरा लोबो. त्या नावात पोर्तुगालचे रक्त शोधणे म्हणजे हापूसच्या झाडाखाली अफोन्सोची कबर शोधणे. काजू, बटाटा, पाव, पगार, चावी, तुरुंग हे सगळे शब्द त्याच जहाजांतून उतरले. चंदगडच्या डोंगरउतारावरच्या काजूला मूळ गाव कोणी विचारत नाही. माणसाला मात्र विचारतात.

मातेउशने उकरलेला प्रश्न गोव्यात शंभर वर्षे धुमसत राहिला. १७६१ मध्ये लिस्बनने फर्मान काढले की देशी ख्रिस्ती आणि पोर्तुगीज यांना समान हक्क आहेत. फर्मान कागदावर राहिले. कायतान फ्रान्सिस्को कौतो आणि जुझे आंतोनियो गोन्साल्विस हे दोन पाद्री बिशपपदाच्या योग्यतेचे असून डावलले गेले आणि युरोपातून रिकाम्या हातांनी परतले. १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंतो कुटुंबाच्या घरी पोर्तुगीज राजवट उलथवण्याचा कट शिजला. तो फुटला. ४७ जण पकडले गेले, त्यांत १७ पाद्री होते. पंधरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली आणि पाद्र्यांना लिस्बनच्या तुरुंगात धाडले. फ्रान्सची राज्यक्रांती तेव्हा अजून व्हायची होती.

मुंबईकडे तंट्याने वेगळे रूप घेतले. तिथे इंग्रजांना पोर्तुगीज पाद्र्यांचा संशय, म्हणून १७२० मध्ये त्यांनी रोमच्या कार्मेलाइटांना आणले. मग हे गेले ते आले असे होता होता शेवटी १७९४ मध्ये शहरातली चर्चेच दोन पक्षांत वाटून टाकली. एकाच गल्लीतले दोन भाऊ दोन बिशपांचे. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून तर युद्धच पेटले. रोमच्या बाजूचे बिशप अनास्तासियुस हार्टमान चर्च सोडायला तयार होईनात. त्यांनी आत स्वतःला कोंडून घेतले, बाहेरून विरोधकांनी वेढा घातला, दाणापाणी तोडले. पंधरा दिवसांनी सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडून चर्च पाद्रोआदोवाल्यांच्या हाती द्यावे लागले. वेढा घालणारे आणि आत बसलेले, सारे एकाच पोपला मानणारे. रविवारी एकच मिस्सा म्हणणारे.

मुंबई, साष्टी आणि वसईच्या मूळच्या कॅथलिकांना याचा आणखी एक फटका बसला. इंग्रज त्यांनाही ‘पोर्तुगीज’ म्हणत आणि गोव्याहून नोकरीला आलेल्यांनाही. घरात मराठीची बोली बोलणाऱ्या, लुगडे नेसणाऱ्या, शेती आणि मासेमारी करणाऱ्या या माणसांनी अखेर स्वतःला वेगळे नाव घेतले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ते ‘ईस्ट इंडियन’ झाले. एका परक्या ओळखीतून सुटायला दुसऱ्या परक्या भाषेतले नाव घ्यावे लागले, ही गोष्ट मला फार लागते. वसईच्या याच मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. धाराशिवच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा मराठीच्या व्यासपीठावर ख्रिस्ती धर्मगुरू कसा, असे विचारणारे निघालेच. क्रिस्तपुराणाला तोवर चारशे वर्षे उलटून गेली होती.

घाटावरच्या कॅथलिकांवर मुंबईसारखे वेढे पडले नाहीत. ते गोव्याच्या आर्चबिशपांच्या छत्राखालीच राहिले. त्यांच्यावर वेळ आली ती स्वातंत्र्यानंतर. देश स्वतंत्र झाला तरी गोवा पोर्तुगिजांकडे, आणि आजरा-चंदगडच्या चर्चचा धर्मप्रमुख त्या परक्या राज्यात. गोवामुक्तीच्या सत्याग्रहींच्या तुकड्या सीमेकडे निघत होत्या आणि कॅथलिक माणसाकडे पाहणाऱ्या नजरेत पुन्हा तोच जुना प्रश्न होता: तू कोणाचा? त्याच वेळी गोवा काँग्रेसचे पीटर आल्वारिस आणि त्यांच्या आधीपासून त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा हे कॅथलिक घरांतलेच पुढारी पोर्तुगालच्या सालाझारशाहीशी लढत होते. १९५० मध्ये भारतातल्या बिशपांच्या नेमणुकीवरचा पोर्तुगालचा हक्क संपला. १९ सप्टेंबर १९५३ रोजी गोव्याचा आणि पुण्याचा काही भाग तोडून बेळगावचा नवा धर्मप्रांत झाला, आणि गडहिंग्लज, आजरा, चंदगड हे तालुके त्यात गेले. तीनच वर्षांनी भाषावार प्रांतरचना झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि तोवर बेळगाव जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. राज्याची रेघ सरकली, धर्मप्रांताची सरकली नाही. २००५ मध्ये सिंधुदुर्गचा नवा धर्मप्रांत निघाला. कोल्हापूर जिल्ह्याचा बाकीचा भाग त्यात गेला, हे तीन तालुके मात्र बेळगावकडेच राहिले.

म्हणून आज नेसरीच्या परिसरातल्या कॅथलिक माणसाचा जिल्हा कोल्हापूर आहे, राज्य महाराष्ट्र आहे, आणि बिशप सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या बेळगावात बसतो. मातेउशही असाच नदीपलीकडे बसत असे. खिंडीतून उतरून गडहिंग्लजच्या रस्त्याला लागले की एखादा बारदेसकर भेटतो. “मूळचे कुठले?” असे विचारले तर तो “इथलेच” म्हणतो, आणि विचारणारा पुन्हा विचारतो, “तसं नव्हे, मूळचे?”